दवाखान्याच्या एसीसाठी जमिनीत बोअर: टनाला १५० फूट पुरतात का?

मखमलाबादकर | ११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नाशकात मखमलाबाद रोडला घराचं काम काढलंय. खाली बायकोचा दातांचा दवाखाना आणि हॉल, वर तीन बेडरूम. एसीची उष्णता बाहेरच्या हवेत फेकण्याऐवजी जमिनीत सोडणारी यंत्रणा बसवावी असं मनात आहे. बोअर घ्यायचे, त्यात एचडीपीईचा (टणक प्लॅस्टिकचा) यू-पाईप सोडायचा, त्यातून तेच ते पाणी फिरत राहणार आणि हीट पंप घरातली उष्णता त्या पाण्यावाटे खडकाला देणार.

एका कंपनीचा माणूस येऊन गेला. प्लॉटवर चक्कर मारली, चौरस फूट विचारले आणि दहा मिनिटांत म्हणाला, "५ टन लागतील. टनाला १५० फूट धरा, म्हणजे ७५० फूट बोअर." लगेच कोटेशन. मला खटकलं ते एवढंच की जमिनीबद्दल त्याने एकही प्रश्न विचारला नाही. एसी छोटा पडला तर बदलता येतो. बोअर कमी पडले तर अंगणात फरशी बसल्यावर काय करणार? कोणी हा हिशोब नीट समजावून सांगेल का?

गोदाकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

जिओथर्मल म्हणजे वज्रेश्वरी, उनपदेव इथल्या गरम झऱ्यांसारखं ना? नाशकात तसं काही आहे का?

काळा पाषाण | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

गोदाकाठ, नावामुळे हा गोंधळ नेहमी होतो. झऱ्यात पृथ्वीच्या पोटातली उष्णता वर येते. इथे आपण फक्त वरचे साठेक मीटर वापरतो, तेही उष्णता ठेवायला. त्यासाठी झरा लागत नाही, कुठलीही जमीन चालते. किती चालते, हाच सगळा प्रश्न आहे.

मखमलाबादकर, तुम्हाला खटकलं ते योग्यच. मी पंधरा वर्षं वातानुकूलनाच्या कामात आहे आणि या एका आकड्याने फसलेली कामं पाहिली आहेत. टनाला १५०-२०० फूट हा आकडा थंड देशांतल्या जमिनीवरून आलाय. आपल्याकडे तो का चालत नाही, ते तुमच्याच घरावरून बघू.

आधी उष्णता किती ते ठरवा. १ टन म्हणजे ३.५ किलोवॅट. पण कॉम्प्रेसर जी वीज खातो तीही शेवटी उष्णता होऊन जमिनीतच जाते. यंत्र १ युनिट विजेत ४ युनिट थंडावा देत असेल तर ३ टनांसाठी १०.५ नव्हे, १३.२ किलोवॅट जमिनीत सोडावे लागतात. (५ ऐवजी ३ टन का धरले ते पुढे सांगतो.)

मग सूत्र असं: लागणारी लांबी म्हणजे उष्णता गुणिले अडथळा, भागिले फिरणारं पाणी आणि जमीन यांच्या तापमानातला फरक.

अडथळा एकच नसतो. पाइपातून बोअरच्या भिंतीपर्यंत पोचायला एक अडथळा, त्यापुढे खडकाचा. आणि खडक तीन गोष्टी लक्षात ठेवतो: आजची दुपार, हा महिना आणि गेली दहा वर्षं. काळ्या खडकाची उष्णतावाहकता १.८ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली तर बोअरच्या आतला अडथळा ०.१०, सहा तासांच्या दुपारचा ०.११५, मे महिन्याच्या सरासरी वापराचा ०.०६५. बेरीज ०.२८. याला १३,२०० वॅटने गुणा, साधारण ३,७०० येतात. आता वर्षाचं. यंत्र वर्षभरात पूर्ण क्षमतेचे १,२०० तास चाललं तर १५,८०० युनिट उष्णता जमिनीत जाते, म्हणजे बारा महिने चोवीस तासांची सरासरी १.८ किलोवॅट. दहा वर्षांचा अडथळा ०.२१ धरून आणखी ३८० होतात. एकूण ४,०८०.

राहिला भागाकार, आणि खरी मेख इथेच आहे. यंत्रात ३५ अंशांचं पाणी शिरून ४० ने बाहेर पडतं, सरासरी ३७.५. नाशकात खोलवरची जमीन धरा २७ अंश. फरक साडेदहा. शेजारचे बोअर एकमेकांना तापवतात म्हणून १ अंश वजा करा, उरले साडेनऊ. ४,०८० ला ९.५ ने भागा: ४३० मीटर. टनाला ४७० फूट!

आता हेच घर, हेच यंत्र, फक्त जमीन १५ अंशांची असती तर? फरक २१.५, लांबी १९० मीटर, टनाला २१० फूट. कंपनीच्या माणसाचा आकडा याच्या आसपासचा आहे. त्याने टन जास्त धरले आणि फूट कमी धरले. ७५० फूट म्हणजे जेमतेम २३० मीटर. फक्त खालच्या ३ टनांनाच ४३० लागतायत, पाचांचं विचारूच नका. पहिल्याच मे महिन्यात पाणी पंचेचाळिशीच्या पुढे गेलं असतं आणि यंत्र वारंवार ट्रिप झालं असतं.

निफाडची लेक | १२ फेब्रुवारी, दुपारी १:३०

२७ अंशांवर विश्वास बसत नसेल त्यांच्यासाठी. आमच्या निफाडला थंडीची लाट आली की पारा ५ च्या खाली उतरतो. द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बाबा पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या करतात आणि ठिबक चालू करतात. बोअरचं पाणी तेव्हा हाताला चक्क कोमट लागतं, नळीच्या तोंडाशी वाफ दिसते. तेच पाणी मे महिन्यात गार वाटतं. पाणी तेच असतं, बदलते ती बाहेरची हवा. यंदा जानेवारीत कुतूहल म्हणून थर्मामीटर धरला होता, २६.५ दाखवलं.

काळा पाषाण | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

ताई, यापेक्षा सोपा पुरावा नाही. खोलवरची जमीन त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकी किंवा एखाद-दोन अंश जास्त असते. मखमलाबादकर, शेजाऱ्यांचा बोअर पंधरा मिनिटं चालवून पाण्याचं तापमान घ्या. एका अंशाने ४०-५० मीटर इकडचे तिकडे होतात.

रिगवाला सिन्नर | १२ फेब्रुवारी, रात्री ८:५०

मी बोअर पाडायच्या रिगवर लहानाचा मोठा झालो, वडिलांचीच गाडी. हिशोबातलं मला फार कळत नाही, पण भोक पाडल्यावर काय निघतं ते सांगतो.

मखमलाबाद, गंगापूर रोड पट्ट्यात वर काळी माती, कुठं तीन फूट तर कुठं बारा. मग मुरूम. मग कडक काळा पाषाण आणि त्याच्या मध्ये मध्ये मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकाचा खडक. दोन पाषाणांच्या मध्ये कधी तांबडा गेरूचा पट्टा लागतो. हॅमर पाषाणात असला की चुरा काळा-करडा येतो, गेरू लागला की तोच विटकरी होतो आणि भोक ढासळायला लागतं. तिथं तुमचा पाईप अडकणार. म्हणून दर दहा फुटांना चुऱ्याची मूठभर पुडी बांधून त्यावर फूट लिहून ठेवायला सांगा. आम्ही मागितलं तर देतो, कोणी मागत नाही.

दुसरं. पाईप सोडल्यावर लोक तोच चुरा फावड्यानं परत ढकलतात. तो वीस फुटांवर अडकून बसतो, खाली पोकळी तशीच. वरून बघणाऱ्याला वाटतं भरलं. असे बोअर मी पाहिलेत.

काळा पाषाण | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

दादा, फार मोलाचं सांगितलंत. मांजऱ्याची वाहकता घट्ट पाषाणापेक्षा कमी असते, त्याच्या भोकांत हवा असेल तर आणखीच. त्यामुळे १.८ हा माझा आकडा प्लॉट बघितल्याशिवाय धरलेला आहे हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

भरावाचं तर आकड्यात सांगतो. पोकळी राहून आतला अडथळा ०.१० चा ०.१५ झाला, तर ४३० मीटरचे ५०० होतात. सत्तर मीटर बोअर, म्हणजे एक अख्खा बोअर आणि वर, फक्त फावड्याने भरल्यामुळे वाया. बारीक पाईप तळापर्यंत सोडून गारा (बोअर भरायचं पातळ मिश्रण) खालून वर चढवत आणायचा, हाच मार्ग.

नुसतं बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) मात्र आपल्याकडे नको. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली जाते आणि बोअरचा वरचा भाग कोरडा पडतो. कोरडं बेंटोनाइट आकसतं, पाइपापासून सुटतं, आणि हे नेमकं मे महिन्यात, जेव्हा सगळा भार असतो. सिमेंट, बारीक वाळू आणि थोडं बेंटोनाइट असं मिश्रण घ्या. वाळू उष्णता नेते, सिमेंट आकसू देत नाही.

ओटा-पडवी | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

मी वास्तुविशारद आहे, नाशकातच. बोअरच्या आधी घराकडे बघू या. काळा पाषाण यांच्या हिशोबाने एक टन कमी केला तर जवळजवळ दीडशे मीटर बोअर वाचतो. मग छतावर इन्सुलेशन, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली आणि दवाखान्याचा ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र) आणि कॉम्प्रेसर वेगळ्या खोलीत, ही तीन कामं बोअरपेक्षा स्वस्त पडतात. काचेतून ऊन आत आल्यावर आतला पडदा ओढून उपयोग नसतो, उष्णता आत आलेलीच असते.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वरच्या तीन बेडरूमना ही यंत्रणा हवी कशाला? मे महिन्यात दुपारी ३८-४० अंश असले तरी नाशिकची रात्र उतरते. मध्यरात्रीनंतर बाहेर पंचवीसच्या आसपास हवा असते. म्हणजे रात्री बाहेरची हवा तुमच्या बोअरमधल्या ३५ अंशांच्या पाण्यापेक्षा गार! तिथे साधा इन्व्हर्टर एसीच सरस. जमिनीचा फायदा दुपारी राबणाऱ्या दवाखान्याला.

काळा पाषाण | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

म्हणूनच मी ३ टन धरले होते, ताईंनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मुंबईत रात्रही गरम आणि दमट असते, तिथलं गणित वेगळं. नाशिकसाठी हेच बरोबर.

गोदाकाठ | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:४५

बोअरऐवजी मोठे पाईप पुरून त्यातून हवाच खेचली तर? आणि आमच्या मोहाडीच्या मळ्यात शेततळं आहे, त्यात पाइपाची वेटोळी सोडता येतील का?

ओटा-पडवी | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०

हवेचे बोगदे आपल्या देशात झालेत. गुरुग्रामजवळ गुआलपहाडीला टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेच्या रिट्रीट इमारतीत ४ मीटर खोल, ७० मीटर लांबीचे चार बोगदे आहेत. पण पावसाळ्यातली दमट हवा कोरडी करायला तिथेही वेगळी यंत्रणा जोडावी लागली. श्रावणात पाइपात पाणी सुटतं. उतार आणि निचरा नसेल तर बुरशीचा वास थेट खोलीत. दवाखान्याला मी हे कधीच सुचवणार नाही.

निफाडची लेक | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:००

शेततळ्याचं मी सांगते. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागेला पाणी लागतं ते तळ्यातलंच. मे संपता संपता तळ गाठलेला असतो. तुम्हाला सगळ्यात जास्त गरज तेव्हाच, आणि वेटोळी उघडी पडणार.

मखमलाबादकर | १४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दवाखाना आणि हॉल एवढंच बोअरवर, वर साधे एसी, हे नक्की. शेजारच्या काकांच्या बोअरचं पाणी मोजलं, २७ आलं.

दोन शंका आहेत. बागेत दीड-दोन मीटरचे आडवे चर खणून पाईप टाकले तर स्वस्त पडेल का? आणि आपल्याकडे घर तापवायची गरज जवळजवळ नाही. उष्णता नुसती आत ढकलत राहिलो तर जमीन वर्षानुवर्षं तापत जाणार नाही का?

काळा पाषाण | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

आडवे चर नकोत. काळी माती उन्हाळ्यात वाळते, भेगाळते, पाइपाभोवती हवा शिरते आणि वाहकता पार घसरते. शिवाय दोन मीटरवर ऋतूचा परिणाम पोचतो, तिथे वर्षभर २७ मिळत नाहीत.

जमीन तापण्याबद्दल: हो, तापते, आणि मोठ्या कामांत हेच सगळ्यात घातक ठरतं. सात-आठ बोअर एका-दोन रांगांत असले तर बाजूने उष्णता पसरायला वाव असतो. रुग्णालय किंवा हॉटेलसाठी पन्नास बोअर दाटीने घेतले तर मधल्यांची उष्णता जाणार कुठे? पहिली चार-पाच वर्षं सगळं उत्तम, मग दर मे महिन्यात पाणी थोडं जास्त गरम. या हळूहळू साठत जाण्याचं गणित १९८७ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात एस्किलसन यांनी मांडलं, आजची बहुतेक सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी आहेत. तुम्ही दोन बोअरमध्ये ६ मीटर अंतर ठेवा, त्याहून कमी नको.

आणि नाशिककरांकडे एक गोष्ट आहे जी चेन्नईकडे नाही: हिवाळ्यातली रात्र. डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री १०-१२ अंश. बोअरमधलं पाणी गच्चीवरच्या छोट्या पंखा लावलेल्या रेडिएटरमधून फिरवा. ९० रात्री, रोज ८ तास, ५ किलोवॅट धरले तर ३,६०० युनिट उष्णता बाहेर. वर्षभरात घातलेल्या १५,८०० पैकी जवळजवळ पाव हिस्सा फक्त पंखा आणि पंपाच्या विजेत काढून घेतला. दवाखान्याचं आणि घरचं गरम पाणी याच हीट पंपावर घेतलं तर रोज ३०० लिटरमागे आणखी सहा युनिट जमिनीत जायची वाचतात. मी नाशकातल्या प्रत्येक कामात हे दोन्ही घेतो.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सगळे बोअर एकदम घेऊ नका. एकच घ्या, ६० मीटरचा. (त्यापुढच्या खोलीला २००९ च्या भूजल अधिनियमाचे निर्बंध आहेत, म्हणून आखणी ६० वरच ठेवा.) गारा भरून आठवडाभर थांबा आणि त्यावर औष्णिक प्रतिसाद चाचणी करा. ठरावीक वॅटचा हीटर लावून पाणी किमान ४८ तास फिरवायचं आणि ते कसं तापत जातं ते नोंदवायचं. ही कल्पना मोगेन्सेन यांनी १९८३ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत मांडली. त्या एका आलेखातून तुमच्या खडकाची वाहकता कळते, दुसऱ्या कोणाच्या नाही. मार्च-एप्रिलमध्ये केलीत तर उत्तम. पावसाळ्यानंतर केली की खडक भिजलेला असतो, आकडा चांगला येतो आणि मे महिन्यात तोंडघशी पाडतो.

मखमलाबादकर | १४ मार्च, रात्री ११:५०

महिनाभराने येतोय, आणि बातमी चांगली नाही. पहिला बोअर झाला, रिगवाल्या दादांच्या सांगण्याप्रमाणे पुड्या बांधल्या, गारा खालून वर भरला. काल चाचणी सुरू केली. एकोणिसाव्या तासाला वीज गेली. भाड्याने आणलेला जनरेटर आम्ही आधी चालवून बघितला नव्हता, तो सुरूच झाला नाही. दोन तासांनी वीज आली. तिथूनच पुढे चालू ठेवू का?

काळा पाषाण | १५ मार्च, सकाळी ६:४०

नको. मध्ये खंड पडला की तो आलेख संपला. खडक आता तापलेला आहे, लगेच केलंत तर सुरुवातच चुकीची. बारा दिवस थांबा. पाणी परत २७ वर आलं की मगच. मधल्या काळात जनरेटर बदला आणि स्टॅबिलायझर लावा. हीटरला मिळणारी वीज हलली तर वाहकतेचा आकडाही हलतो.

मखमलाबादकर | ३१ मार्च, रात्री ९:१५

झालं! ५२ तास सलग. रात्री पाळीपाळीने जागलो, बायको बारा ते चार, मी चार ते आठ. सुरुवातीला फक्त पंप चालवून जमिनीचं तापमान २७.१ आलं. हीटर ३,००० वॅट, ६० मीटरला, म्हणजे मीटरला ५० वॅट. पाण्याचं सरासरी तापमान बाराव्या तासाला ३८.७, अठ्ठेचाळिसाव्या तासाला ४२.२.

काळा पाषाण | १ एप्रिल, सकाळी ७:००

उत्तम काम केलंत, दोघांनीही. पहिले दहा-बारा तास सोडून द्यायचे, त्यात खडकापेक्षा गाऱ्याचाच परिणाम जास्त असतो. तापमान ३.५ अंशांनी वाढलं. ४८ भागिले १२ म्हणजे ४, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम १.३९. ३.५ ला १.३९ ने भागा, म्हणजे आलेखाचा चढ २.५. आता ५० ला १२.५७ (म्हणजे ४ पाय) गुणिले २.५ ने भागा: वाहकता १.६. तुमचा खडक १.६ चा आहे, मी धरलेल्या १.८ चा नाही.

नवा हिशोब केला. ३ टनांना ४७० मीटर. छताचं आणि खिडक्यांचं काय ठरलं?

मखमलाबादकर | १ एप्रिल, सकाळी ९:३०

ओटा-पडवी ताई घरी येऊन गेल्या. पश्चिमेला बाहेरून लाकडी झिलमिल, छतावर इन्सुलेशन, ऑटोक्लेव्ह मागच्या खोलीत. त्यांच्या गणिताने भार २.५ टनांवर आला.

काळा पाषाण | १ एप्रिल, सकाळी ९:५०

मग ३९० मीटर. ६० चे सात बोअर, ४२० होतात. चाचणीचा पहिला धरून सात, म्हणजे आणखी सहाच.

रिगवाला सिन्नर | १ एप्रिल, रात्री ८:२०

त्या पुड्यांचे फोटो पाहिले. १३० फुटांवर विटकरी चुरा आहे, तिथं गेरू. बाकी सहा बोअरनाही जवळपास त्याच खोलीवर लागणार. तिथून सावकाश चालवायला सांगा, आणि हॅमर बाहेर काढला की तासाभरात पाईप खाली गेलाच पाहिजे. पाईप पाण्यानं भरून, प्रेशर टेस्ट करूनच सोडा. भरलेला एचडीपीईसुद्धा बोअरच्या पाण्यात किंचित वर येतो, खाली वजन बांधावंच लागतं.

मखमलाबादकर | १ एप्रिल, रात्री ८:४५

वजनाला स्लॅबच्या उरलेल्या १२ एमएम सळईचे तुकडे चालतील का दादा?

रिगवाला सिन्नर | १ एप्रिल, रात्री ८:५२

चालतील. यू-बेंडच्या खाली बांधा, बाजूला नको. टोकं टेपनं जाड गुंडाळा, पाइपाला ओरखडा पडायला नको. गाडी यायच्या आदल्या दिवशी फोन करा, मी स्वतः येऊन थांबतो.